एक सुई, एक बाजू

बोईसर
शनिवार, ता. ३० एप्रिल १९६६, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे

तीर्थस्वरूप कमलाकांतदादा यांस,
दिनानाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र लिहायला बसलो तेव्हा मी फोनोच्या सुया वेगळ्या करत होतो. नव्या एका डबीत, वापरलेल्या दुसऱ्या डबीत. वापरलेल्या एकशे सदतीस भरल्या, नव्या चार. दोनदा मोजल्या. आज खडीचे ट्रक आले नाहीत, म्हणून ठेकेदाराने जेवणानंतर मजुरांना सोडले आणि मला काम उरले नाही. मी तारापूरच्या मोठ्या सरकारी बांधकामावर हजेरी लिहितो. सातवीत नापास झालो तरी अक्षर चांगले आणि शुद्धलेखन चुकत नाही, म्हणून घेतले. बोईसरला स्टेशनमागे खोली आहे, भाडे अकरा रुपये. शनिवारी संध्याकाळी शिरगावला घरी जातो.

तुझा वेरावळचा पत्ता आपल्या आळीतल्या एका खलाशाने आणून दिला. तू बर्फाच्या कारखान्यात आहेस, असे तो म्हणाला. बाबा वारले तेव्हा तार केली होती, ती तुझ्या मुंबईच्या जुन्या पत्त्यावर गेली असणार. तू आला नाहीस, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

आपल्या सुगंधाचे लग्न मंगळवारी, ता. २६ ला झाले. मुलगा एडवणचा, एकनाथ, दादू तांडेल यांचा थोरला. घरच्या दोन होड्या आहेत. सुगंधा सध्या चार दिवस माहेरी आली आहे.

पत्राचे कारण वेगळे आहे. तू मुंबईला तबकड्यांच्या कंपनीच्या गोदामात होतास तेव्हा आईला नेऊन तिचा लग्नातला धवला तबकडीवर भरून घेतलास. कंपनीने आईला चाळीस रुपये आणि दोन प्रती दिल्या. एक प्रत तू जाताना नेलीस. दुसरी फोनोबरोबर घरी राहिली. ती आता उन्हाने वाकली आहे. लाखच शेवटी. गरम पाण्यात घातली की कणकेसारखी होते, हे तूच दाखवले होतेस. फुटक्या तबकडीची आईला वाटी करून दिली होतीस, ती पुष्कळ दिवस मिठाला होती.

तरी तुझी प्रत पार्सलने लवकर पाठवावी.

तू जाऊन नऊ वर्षे झाली, म्हणून हेही लिहितो. धवलारणीने धवला म्हटल्याशिवाय आपल्यात लग्न लागत नाही आणि धवलारीण सवाशीण लागते, हे तुला ठाऊक आहे. बाबा गेले आणि आईचे गाणे थांबले. मग दुसरी धवलारीण सोमी एकटीच उरली. तिने दर वाढवला आणि एका लग्नाच्या दिवशी ती तापाने पडली. तेव्हा कोणाला तरी सुचले की आईची, मंजुळाबाईची थाली, म्हणजे ती तबकडी, आहे. थालीवर मधल्या कागदावर ‘सौ. मंजुळाबाई’ असे छापलेले आहे. म्हणजे तो आवाज सवाशिणीचा. जुन्या माणसांना ते पटले. तेव्हापासून फोनो घेऊन मी लग्नांना जातो आणि थाली धवला म्हणते. गावाने तसे ठरवले.

आईची प्रकृती ठीक. बोलते कमी. लग्नाच्या वेळी ती शेजारी वत्सलाकाकीकडे विश्रांती घेत होती.

पत्ता चुकला असेल तर हे पाकीट परत यावे म्हणून मागे माझा पत्ता दोनदा लिहिला आहे.

तुझा,
दिनानाथ


शिरगाव
रविवार, ता. ८ मे १९६६, सकाळचे साडेआठ

तीर्थस्वरूप दादास नमस्कार.

उत्तर नाही. पाकीट परतही आले नाही, म्हणजे ते तुला मिळाले असे धरतो.

मागच्या पत्रात काही गोष्टी मी नीट लिहिल्या नाहीत. त्या दुरुस्त करतो.

सुगंधा चार दिवस माहेरी आलेली नाही. ती गेलीच नाही.

तबकडी उन्हाने वाकलेली नाही. तिला एके जागी चर पडला आहे.

आई विश्रांती घेत नव्हती. वत्सलाकाकीच्या मागच्या खोलीत बसली होती आणि कडी बाहेरून होती. कडी मी घातली. नवऱ्याकडची माणसे घरभर फिरत होती, कोणी चुकून आत जाऊन आईचे तोंड पाहू नये म्हणून घातली. आत पाण्याचा तांब्या ठेवला होता.

मुहूर्त साडेसहाचा होता. अंतरपाट धरला. मी फोनोला चावी भरली, पस्तीस फेरे, मोजून. सुई टेकवली. आई छान लागली. मांडव शांत झाला. म्हाताऱ्या बायांनी तर डोळ्याला पदर लावला. तुला ती ओळ आठवत असेल, ‘तारू लागलं किनाऱ्याला, नवऱ्या उतर, हात दे.’ तिथे सुई अडकली. ‘हात दे.’ ‘हात दे.’ ‘हात दे.’

मी नऊपर्यंत मोजले. सुई उचलली तर धवला तुटला, असे झाले असते. पुढे ढकलली तर कडवे गळले असते. नवऱ्याच्या सोबत्यांपैकी एक ओरडला, “दे ना रं एकनाथ हात, कवाचा मागतय!” सगळे हसले. एकनाथने खरेच हात पुढे केला आणि आणखी हसे झाले.

मग भिंतीपलीकडून पुढची ओळ आली. ‘हात दे नि घरात ने, लेक माझी दिली तुला.’

दहा वर्षांपूर्वीचा आवाज आता राहिलेला नाही. जाड झाला आहे, वर चढताना फाटतो. पण तिने ओळ बरोबर सुईच्या ठेक्यावर उचलली. इकडे थाली ‘हात दे, हात दे’ करत राहिली आणि तिकडे आई पुढे जात राहिली. उरलेली कडवी तिने सगळी म्हटली. कोणी हलले नाही. मीही सुई उचलली नाही. शेवटच्या ओळीला अक्षता पडल्या.

नवऱ्याची आत्या, चंद्रकांता, तिने आधी तोंड उघडले. “ही कोन बोलली? रांडमुंड बोलली ना?”

दादू तांडेल माझ्यापुढे येऊन उभे राहिले. “दिनानाथ, थाली बोलली का तुजी आये?”

मी म्हणालो, “थाली.”

“मंग परत वाजव.”

मी म्हणालो, “चावी तुटली.”

“चावी तुज्या हातात हाय,” ते म्हणाले.

ती खरेच माझ्या हातात होती.

मग जे बोलणे झाले ते सगळे लिहीत नाही. चंद्रकांता म्हणाली, “थालीच्या नावावर रांडेला गायला बसवली. उद्या पोराला काय झाला तर थालीवाला भरून देनार हाय?” सुगंधा मुंडावळ्या बांधून तिथेच उभी होती. एकनाथ तिच्याकडे पाहत नव्हता, फोनोकडे पाहत होता. त्याने मला विचारले, “ही चावी किती येळा फिरवायची असते?” मी म्हणालो, पस्तीस. तो म्हणाला, “बरीच हाय.”

दादूंनी शेवटी सांगितले ते असे. “रांडमुंडीच्या तोंडानं लागलेलां लगीन आमी धरत नाय. पोर तुमच्यापाशी ऱ्हाऊ दे. थाली नीट कर, नाय तं दुसरी आन. एकुनतीस मेला रविवार हाय. पुरा धवला, न आडता, थालीचाच. तवा नेऊ. नाय झाला तं केळव्याची एक पोर आमी बघून ठेवलेली हाय. मिरगाच्या आत उरकायचां हाय आमाला.”

म्हणून तुझी प्रत पाहिजे. कंपनी बंद झाली, बाजारात मिळत नाही. मी पालघरच्या दुकानात आणि मुंबईला दोन ठिकाणी विचारून आलो. फक्त तुझ्याकडे आहे.

कडी काढायला गेलो तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती. तांब्या तसाच भरलेला होता. मी म्हणालो, आये, तू काय केलेस? ती म्हणाली, “ती आडली व्हती. मी काय करू?”

एकवीस दिवस राहिले आहेत. पार्सलला पाच-सहा दिवस लागतात.

दिनानाथ


बोईसर
मंगळवार, ता. १७ मे १९६६, सकाळचे सात

तीर्थस्वरूप दादास,

तुझे कार्ड काल मिळाले. त्यावर तू एवढेच लिहिलेस, ‘एक सुई, एक बाजू. पाळलेस का? आईला काय देतोस?’ खाली सहीसुद्धा नाही. मी कार्ड तीन वेळा उलटून पाहिले.

तू विचारलेस म्हणून सांगतो. खोटे लिहिले तर तू पाठवणार नाहीस, हे मला कळते.

पाळले नाही. तू फोनो शिकवलास तेव्हा पहिला धडा तोच दिला होतास, मला पाठ आहे. सुई एक बाजू वाजली की झिजून छिन्नीसारखी होते, मग ती थाली वाजवत नाही, कोरते. पण दोनशे सुयांची डबी सव्वादोन रुपयांना पडते. आमच्या साइटवरचा न्हावी वस्तरा दगडावर लावतो, ते पाहून मी सुया दगडावर लावायला शिकलो. टोक येते. अगदी नव्यासारखे दिसते. एका सुईवर मी सोळा बाजूसुद्धा काढल्या आहेत. कोणती सुई किती वेळा वापरली, हे वहीत लिहून ठेवले आहे. आवाजात खरखर येऊ लागली तेव्हा लोक म्हणत, मंजुळाबाई म्हातारी झाली. मी काही बोलत नसे.

सुगंधाच्या लग्नाला नवी सुई लावायची, असे मी आठ दिवस आधी ठरवले होते. खिशात चार नव्या होत्या. ऐन वेळी काढली आणि परत ठेवली. मोठ्या घरच्या लग्नांना लागतील म्हणून.

आईला काय देतो. काही नाही. दर लग्नामागे मी आठ रुपये घेतो. तीन हंगामांत त्रेचाळीस लग्ने झाली, सुगंधाचे न धरता. आईने कधी मागितले नाही. आणि मी विचारले नाही, कारण विचारले असते तर दर ठरवावा लागला असता.

आणखी एक. थालीवर ‘सौ.’ आहे, म्हणजे आवाज सवाशिणीचा, हे ‘कोणाला तरी सुचले’ असे मी लिहिले होते. ते मला सुचले. जुनी माणसे ओटीवर बसली होती, मी कंदील जवळ धरून कागद वाचून दाखवला. आई दारात उभी होती. ती म्हणाली, “म्हंजे थालीचा नवरा जिता, नि माजा मेला. बरा हाय.” सगळे हसले. तीही हसली असे मला तेव्हा वाटले.

आणि जे तू विचारले नाहीस ते. तू आईला मुंबईला नेलेस, ते बाबांना कोणी सांगितले, हे तुला नऊ वर्षे कळले नसेल किंवा कळले असेल. ताडीच्या गुत्त्यावर ती थाली वाजत होती, बाबांनी आवाज ऐकला पण त्यांचा विश्वास बसला नव्हता. घरी येऊन त्यांनी मला एकट्याला विचारले. मी तेरा वर्षांचा होतो. मी सांगितले. आई आजीकडे गेली नव्हती, दादाबरोबर कंपनीत गेली होती. बाबांनी मला एक आणा दिला. मग ते वल्हे घेऊन आत गेले. तू मध्ये पडलास. तुझा डावा हात आता कसा आहे, हे मी विचारायला पाहिजे होते. त्या आण्याचे मी शेंगदाणे घेतले.

एवढे सगळे लिहूनही मी मागतो आहे. चूक माझी आहे, सुगंधाची नाही. ती हळदीची साडी धुऊन, घडी करून उशाला ठेवते. विहिरीवर बाया तिला ‘अर्धी नवरी’ म्हणतात. काल एक जण म्हणाली, “गो सुगंधा, थाली आडली का गो अजून?” सुगंधा म्हणाली, “तुजी जीब आडत नाय तवर काय तरास?” पण घरी येऊन तिने कळशी आपटली. ती चेपली.

२९ तारखेला मी आईला इथे बोईसरच्या खोलीवर आणून ठेवणार आहे. इतक्या लांबून आवाज यायचा नाही. वत्सलाकाकीची भिंत पातळ होती, हे माझ्या आधी लक्षात यायला हवे होते.

पार्सलवर ‘काच’ असे लिही. लाख लिहिले तर आपटतात.

दिनानाथ


शिरगाव
गुरुवार, ता. २६ मे १९६६, सकाळचे अकरा वाजण्यास पाच मिनिटे कमी

तीर्थस्वरूप दादास साष्टांग नमस्कार.

पेटी आली. आज रजा टाकून घरी थांबलो होतो. पोस्टमन सव्वादहाला आला, मी नाक्यावरच गाठला. फळ्या तू स्वतः ठोकल्यास हे खिळ्यांवरून कळले, एकही वाकडा नाही. भाताचा कोंडा, त्यात तुझा जुना सदरा, सदऱ्यात तबकडी. एक चिराही नाही. आईने सदरा घेतला, हुंगला आणि म्हणाली, “माश्याचा वास नाय याला.” मी म्हणालो, तो बर्फात असतो. तिने तो घडी करून मांडीवर ठेवला.

वाजवून पाहणे भाग होते. नवी सुई लावली. तू ही एकदाही वाजवली नसावीस. इतका स्वच्छ आवाज मी नऊ वर्षांत ऐकला नव्हता. आई फोनोच्या लाकडावर हात ठेवून बसली होती. ‘हात दे’ आले आणि सरळ पुढे गेले. सुगंधाने डोळे मिटले होते, ते उघडले. आई एकदम म्हणाली, “इथं मी श्वास घेतला व्हता. आयकला का? तो साहेब म्हनला, बाई, श्वास घेऊ नका, थालीत जातो. पन मी घेतला.”

मला ऐकू आला नव्हता.

ती म्हणाली, “परत लाव.”

मी म्हणालो, नव्या सुया तीनच राहिल्या आहेत. रविवारी ऐक.

बोलून गेल्यावर लक्षात आले की रविवारी ती बोईसरला असणार. तिच्याही लक्षात आले असावे.

तुझी चिठ्ठी तिने मला वाचायला दिली. ‘आई, ही तुझी आहे. तुला वाटले तर वाजव. नाही तर तुला काय करायचे ते कर. कमलाकांत.’ तिने विचारले, “काय लिवलाय?” मी म्हणालो, खुशाली. अशा वेळी तिच्या मनात नसते विचार घालणे मला बरे वाटले नाही. चिठ्ठी माझ्या वहीत आहे, सुयांच्या पानाला.

दादूंना निरोप धाडला आहे. सोमवारी सुगंधा एडवणला असेल. तुझे उपकार झाले.

दिनानाथ


बोईसर
रविवार, ता. १२ जून १९६६, सायंकाळचे पाच

दादा,

तुझी तबकडी परत करता येत नाही, हे कळवायला उशीर झाला.

शनिवारी २८ ला सकाळी मी पालघरला निघालो होतो, हळदकुंकू आणि सुयांच्या दोन नव्या डब्या आणायला. ठरवले होते की या वेळी दगड लावायचा नाही. पायात वहाणा घालत होतो तेव्हा आई सुगंधाला म्हणाली, “मी बोईसरला नाय जात. मांडवात मागं बसते. तोंड उघडत नाय. तुज्या गळ्याची आन.”

सुगंधा तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. “आये, तू नको.”

“मी बोलनार नाय, गो. बसते फकस्त.”

“मागच्या टायमाला पन तू बोलनार नव्हतीस.”

“ती आडली व्हती.”

“आडू द्यायची व्हती!” सुगंधा म्हणाली. “तुला काय पडली व्हती? आता दुसरी आली ना? मला तुजी थाली पायजे. तू नको.”

आई म्हणाली, “बरा.” मला तर ते बरे वाटले होते, माझे काम सुगंधाने केले म्हणून. एस.टी. आठ वीसची होती.

परत आलो तेव्हा सव्वाबारा झाले होते. सुगंधा विहिरीवर गेली होती. चुलीवर भाताच्या मोठ्या भांड्यात नुसते पाणी उकळत होते. आई मागच्या पडवीत बसली होती आणि तिच्यापुढे मातीचे परळ उपडे होते. परळावर तुझी तबकडी होती. कडा सगळीकडून खाली वळल्या होत्या, फडक्याने दाबून तिने त्यांना चुण्या पाडल्या होत्या, फुलाला असतात तशा. अगदी सारख्या. मी मोजल्या, सोळा. मधले भोक ती होडीच्या राळेने बुजवत होती. कागदावरचे ‘सौ. मंजुळाबाई’ वाटीच्या तळाला नीट वाचता येत होते.

मी काय म्हणालो ते लिहीत नाही. ती म्हणाली, “लाख हाय. कमळूनंच शिकवला व्हता.” आणि मग म्हणाली, “तुमाला थाली पायजे व्हती. मला मिठाला वाटी पायजे व्हती.”

सुगंधा आली. कळशी खाली ठेवली. मला वाटले ती आईच्या अंगावर धावून जाईल, म्हणून मी मध्ये सरकलो. तिने वाटी उचलली, घरात नेली, फोनोला चावी भरली. पुरे पस्तीस फेरे. आणि वाटी फोनोवर उपडी ठेवून सोडली. सुई लावली नाही. वाटी नुसती फिरत राहिली, डुगडुगत, चावी उतरेपर्यंत. आम्ही तिघे पाहत होतो. थांबली तेव्हा ती आईला म्हणाली, “घे. भर तुजा मीठ.”

त्यानंतर त्या दोघी एकमेकींशी बोललेल्या नाहीत. एकाच चुलीवर रांधतात.

दादू तांडेल रविवारी आले, वीस माणसे घेऊन. मी मांडव सोडला नव्हता. त्यांना वाटी दाखवली. चंद्रकांता आत्याने ती हातात घेऊन फिरवून पाहिली आणि म्हणाली, “नक्षी बरीक झ्याक काढली.” साडी आणि मंगळसूत्र त्यांनी तिथल्या तिथे मोजून घेतले. सुगंधाने स्वतः आणून दिले. साडीला घडी होतीच. एकनाथ मांडवाबाहेर उभा होता. सुगंधा त्याला म्हणाली, “हात धर आता केळव्याच्या पोरीचा. तिथं थाली नाय, आडायची नाय.” तो म्हणाला, “मी काय केला?” ते खरेच आहे. त्याने काही केले नाही.

केळव्याच्या मुलीशी त्याचे लग्न ३ जूनला लागले. फोनो माझाच होता. दादूंनी माणूस धाडला होता की धवला सोमी म्हणेल, मधल्या वेळात गाणी पाहिजेत, आणि पाच रुपये विसार त्याच्या हातात होता. मला नाही म्हणता आले असते. मांडवाचे देणे होते. गेलो. दारातच चंद्रकांता आत्या म्हणाली, “आला गो थालीवाला! आये कुठं कोंडलीस?” दादू म्हणाले, “सुई नवी लाव रं, माजी एकच सून हाय आता.” मी हसलो. प्रत्येक बाजूला नवी सुई लावली. एक सुई, एक बाजू. अठरा गेल्या.

घरी आलो तेव्हा दोघी दोन टोकांना बसल्या होत्या. सुगंधाने विचारले, “कशी हाय?” मी म्हणालो, सावळी, तुझ्यापेक्षा ठेंगणी. आईने माझ्याकडे न पाहता विचारले, “सोमीनं पुरा म्हटला का?” मी म्हणालो, पुरा. आई म्हणाली, “ती चवथा कडवा खाते. नेहमीच.”

सोमीने चौथे कडवे खरेच म्हटले नव्हते. तिथे कोणाच्या लक्षात आले नाही.

सुगंधा आता माझ्याच साइटवर खडीची घमेली वाहते. रोज सव्वादोन रुपये. तिची हजेरी मी लिहितो. पहिल्या दिवशी ठेकेदाराने विचारले, हिच्या नावामागे सौ. लावणार की कु.? मी नुसते ‘सुगंधा’ लिहिले. वहीत सगळ्यांच्या नावामागे काही ना काही आहे, तिच्या मागची जागा तेवढी मोकळी दिसते.

तुझी चिठ्ठी मी आईला काल वाचून दाखवली. पूर्ण. ती म्हणाली, “ही तवाच वाचली असतीस तं मी रविवारपर्यंत थांबले असते. त्यानं ती माजी म्हटलीय असा कळला असता, तं मी पोरीला दिली असती.” मग तिने चिठ्ठी मागून घेतली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

हिशेब खालीलप्रमाणे. दोनदा पडताळला आहे.

खर्च:
सुगंधाचे लग्न, मांडव व जेवण, दोन वेळचे मिळून: २८६ रु. ५० पैसे
सुया, डब्या दोन: ४ रु. ५० पैसे
एस.टी. व रेल्वे, मुंबईच्या फेऱ्या धरून: ६ रु. ४० पैसे
तुला पाकिटे पाच: ७५ पैसे
एकूण: २९८ रु. १५ पैसे

जमा:
एडवण, एकनाथ दादू यांचे लग्न: १५ रु.

देणे:
ठेकेदाराकडून उचल: १२० रु.
तुझे, पेटीवरच्या तिकिटांप्रमाणे: २ रु. ८५ पैसे. फळ्यांचे व खिळ्यांचे तू कळव.
बाबांनी दिलेला एक आणा: हा कोणाच्या नावे लावायचा, ते कळत नाही.
आईचे, त्रेचाळीस लग्ने: दर ठरलेला नव्हता. तिला विचारले. “वाटीभर मीठ आन,” म्हणाली. आणले, दहा पैसे. वाटी भरली नाही, आणखी आणावे लागेल.